मी भाजलेला गणपती

मी गणपती भाजला. घरच्या भट्टीत, लालबुंद होईपर्यंत, आणि तोही स्थापनेच्या आदल्या दिवशी.

ज्यांचा मातीशी संबंध कुंडीपुरता आहे त्यांना यात काय बिघडलं ते चटकन कळणार नाही, म्हणून सांगतो. कच्ची माती पाण्यात टाकली की तिचा पुन्हा चिखल होतो. तीच एकदा लाल होईस्तोवर भाजली की संपलं. मग ती कौल होते, वीट होते, माठ होते. चिखल कधीच होत नाही, तुम्ही तिला तळ्यात ठेवा नाहीतर समुद्रात. आणि गणपती तर पूजेनंतर पाण्यात विरघळायचा असतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मातीकाम शिकताना पहिल्या दिवशी कळते ती गोष्ट हीच. ठाऊक असून केलं, म्हणून तर आज सांगण्यासारखं आहे.

तर तेव्हा मी कुंभार नव्हतो, ट्रेसर होतो. नागपूरच्या सचिवालयात नकाशांवर झिरझिरीत कापड पसरून शाईनं रेघा गिरवायच्या, हा माझा धंदा. छप्पन साली नवी राज्यं झाली तेव्हा सीमा बदलल्या त्या आमच्याच टेबलावर. मी मोठ्या झोकात, हात न थरथरू देता, रेघ इकडची तिकडे केली आणि त्याच रेघेनं मला उचलून भोपाळात टाकलं. राजधानी नागपुरातून निघाली, तिच्यामागून कपाटं निघाली, कपाटांमागून आम्ही.

टी. टी. नगरातली आमची क्वार्टरं इतकी नवी होती की भिंतीला टेकलं तर पाठीवर चुना यायचा. झाड एक नाही. पाऊस पडला की काळी माती चपलांना अशी धरायची की माणूस घरी येईपर्यंत दोन बोटं उंच झालेला असायचा. संध्याकाळी सगळे पायऱ्यांवर बसून एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजात म्हणायचे, "नागपुरात या वेळेला..." कुणाचा संत्र्यांचा बगीचा राहिला होता, कुणाची तालीम, कुणाची सासुरवाडी. माझं तिकडं एक भाड्याची खोली आणि तिच्यातले ढेकूण एवढंच राहिलं होतं, त्यामुळे मला त्या बैठकीत बोलायला काही नसे. रिकामा माणूस काय काय करेल सांगता येत नाही. मी माठ आणायला गेलो आणि चाकावर बसलो.

माठवाला किशनलाल. करोंदच्या पुढं त्याचं घर आणि भांडी भाजायचा आवा, आणि जुन्या शहरात, रस्त्याच्या कडेला, दुकान. दुकानासमोर एक चाक, गिऱ्हाइकाला भुलवायला. मी थोडा वेळ पाहिलं आणि शहाण्यासारखा म्हणालो, "ये तो आसान दिखता है."

"आइए बाबूजी," किशनलाल उठलाच. "बैठिए."

चाक फिरत होतं, गोळा मध्यावर होता, मी दोन्ही हातांनी त्याला धरलं. पुढच्या क्षणी गोळा चाकावर नव्हता. तो रस्त्यानं जाणाऱ्या एका वृद्ध मियाँसाहेबांच्या पांढऱ्या अचकनीवर, बरोबर तिसऱ्या बटणावर, बसलेला होता.

मला वाटलं, आता मार खाणार. मियाँसाहेबांनी गोळा बोटानं काढला, माझ्या हातात दिला आणि गंभीरपणे विचारलं, "को खां, बना रिये हो या मार रिये हो?"

भोपाळवर माझा जीव जडला तो तिथं. आम्ही नागपूरकर "काय करून राहिला" म्हणतो आणि हे "क्या कर रिये हो" म्हणतात. एवढ्या लांब येऊनही सोयऱ्यांच्याच घरी आल्यासारखं वाटलं.

किशनलाल चांगला गुरू नव्हता. थापा फार. नवाबाच्या मुदपाकखान्यात त्याच्याच घरचे मटके जात, असं तो शपथेवर सांगायचा. पुढच्या आठवड्यात तेच मटके रेल्वेच्या साहेबाकडे गेलेले असायचे. भट्टीचा जाळ बघून "बस, तैयार" म्हणायचा आणि निम्मा आवा काळा निघायचा. मग तो काळा माल 'खास' म्हणून विकायचा. पण चाकावर त्याचा हात पडला की मी श्वास घ्यायला विसरत असे. मला म्हणायचा, "बाबूजी, पहले मिट्टी आपको घुमाएगी. जब थक जाएगी, तब आप उसको घुमाना."

तिनं मला पुष्कळ घुमवलं. मध्यावर न आलेला गोळा वर उचलता येत नाही, तो फतकल मारून पसरतो, आणि पसरलेल्या गोळ्याचं एकच होऊ शकतं, ते म्हणजे राखदाणी. पहिलं सबंध वर्ष मी राखदाण्या केल्या. ऑफिसात प्रत्येक टेबलावर माझी राखदाणी होती. विडीला कधी हात न लावलेले लोकही माझ्या आग्रहापोटी त्यात टाचण्या ठेवत.

मग मी घरीच भट्टी बांधली. कंत्राटदारानं टाकून दिलेल्या विटा, वर खोक्याचा पत्रा, खाली लाकडं कोंबायला तोंड. मागच्या अंगणात ती पहिल्यांदा पेटली त्या दुपारी शेजारच्या दोरीवर भाऊसाहेबांची धोतरं वाळत होती.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या ओळीतले वडीलधारे. ऑफिसात हेडक्लार्क, घरी शेजारी, आणि गणपतीपासून गॅसबत्तीपर्यंत सगळ्या कामांचे स्वयंभू अध्यक्ष. क्वार्टरांचा ओव्हरसियर त्यांना विचारल्याशिवाय नळाची तोटीही बदलत नसे. ते कुंपणाशी आले. हातात धोतर, धोतरावर काजळीची नक्षी.

"वसंता, काय करून राहिलास?"

"राखदाण्या भाजतोय, भाऊसाहेब."

"राख तर सगळी माझ्याकडे आली बापा. दाण्या कशाला करतोस?"

त्यांची समजूत घालायची म्हणून मी त्यांच्या घरी वहिनींना बरणी कबूल केली. त्या काळी आमच्या ओळीत प्रत्येक घरात एक दुःख होतं, ते म्हणजे फुटलेली बरणी. नागपूरहून सामान मालगाडीनं आलं, आणि चिनी मातीच्या लोणच्याच्या बरण्यांनी भोपाळ पाहिलंच नाही. वहिनींची तर माहेरची होती. मी पंधरवडाभर खपून बरणी केली, काचेची पूड आणि टाकणखार कालवून वर झिलई चढवली, भाजली, पाण्यानं भरून रात्रभर ठेवली. थेंब गळला नाही. मी ती दोन्ही हातांनी नेऊन दिली आणि वहिनींनी तीत वर्षाचं कैरीचं लोणचं घातलं.

आता यातली गोम. पाणी धरणारं भांडं मीठ धरेलच असं नाही. भट्टी थोडी कमी तापली, म्हणजे माझी नेहमी तापायची तितकीच तापली, की भिंत आतून सच्छिद्र राहते. मिठाचं पाणी त्यातून सावकाश बाहेर येतं, वाळतं, आणि त्याचे खडे झिलईला आतून ढकलतात. दिवाळीच्या सुमाराला बरणीला पांढऱ्या मिशा फुटल्या. वहिनींनी पुसल्या, पुन्हा आल्या. मग झिलई कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली आणि तिचे तुकडे लोणच्यात पडले. सगळं लोणचं मागं खड्ड्यात पुरावं लागलं. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, इतकं ते न बोलणं वाईट होतं.

भाऊसाहेब मात्र बोलले. "ओव्हरसियरला सांगतो. भट्टी पडायची."

ती नुसती धमकी नव्हती, त्यांनी खरंच सांगितलं. ओव्हरसियर येऊन पायानं विटा चाचपून गेला. आणि एवढ्या काळात माझं मातीचं वेड गंमतीच्या पलीकडे गेलं होतं. दिवसभर दुसऱ्याच्या रेघा गिरवणाऱ्या माणसाला संध्याकाळी एक आकार स्वतःच्या हातात उभा राहताना दिसतो, मग तो वाकडा का असेना, त्याची किंमत काय सांगू? सौ. मालती एकदा म्हणाली होती, "ही भट्टी लागल्यापासून तुम्ही घरात बोलायला लागलात." भट्टी गेली तर मी पुन्हा पायऱ्यांवर जाऊन बसणार होतो, "नागपुरात या वेळेला" ऐकत.

मला वाचवलं ते गणपतीनं. म्हणजे वाचवायला घेतलं.

आदल्या वर्षी आमच्या ओळीचा गणपती नागपूरच्या मूर्तिकारांच्या चितार ओळीतून रेल्वेनं आणला होता आणि भोपाळच्या फलाटावर तो उतरला तेव्हा सोंड वेगळी, गणपती वेगळा. भाऊसाहेबांनी ती पिठाच्या खळीनं चिकटवली, पण आरतीच्या वेळी दहाही दिवस त्यांचे डोळे सोंडेवरच होते. यंदा मी कुंपणावरून म्हटलं, "मी करतो."

त्यांनी दोरीवरचं धोतर काढून खांद्यावर टाकलं. "दिसायला साजरा झाला तर भट्टी राहील," म्हणाले. "नाही झाला तर स्थापनेच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः पहार घेऊन येईन."

मूर्तिकार माती थापून मूर्ती घडवतात. मला ते येत नव्हतं, मला चाक येत होतं. म्हणून माझ्या गणपतीचं पोट म्हणजे एक बरा निघालेला मटका होता. डोकं म्हणजे उपडा लोटा. सोंड वळी करून लावली, कान थापले, हातांसाठी किशनलालच्या शिव्या खाल्ल्या. माती चिरू नये म्हणून तीत कापूस कुटून घातला. पोटात हवा कोंडू नये म्हणून पाठीला भोक ठेवलं. "पीठ में छेद रखना," किशनलालनं बजावलं होतं, "नहीं तो भगवान फट जाएँगे." उंदीर तेवढा मी हातानं केला, भरीव.

आणि तो देखणा झाला हो! इथं मी माझी थट्टा करणार नाही. थोडा पुढं झुकून, जणू काही ऐकतोय असा बसला होता.

पण पाऊस काही उसंत देईना. सूर्य म्हणून दिसेना. चतुर्थी उद्यावर आली आणि गणपती अजून ओला. रंग लावला तर रंग उतरून येणार. मी ठरवलं, भट्टीत ठेवू. भाजायचा नाही. नुसती ऊब. चार काटक्या, दोन गोवऱ्या, संध्याकाळपर्यंत कोरडा. हा विचार वाईट नव्हता, त्याला मी जोडलेला होतो एवढंच.

दुपारी जाळ धरला आणि मियाँसाहेब आले. अचकनीच्या त्या दिवसापासून ते माझे दोस्त आणि एकमेव नियमित गिऱ्हाईक झाले होते. त्यांना हुक्क्याची चिलीम लागायची आणि माझी चिलीम महिन्यात तडकायची, त्यामुळे भेटी पुष्कळ व्हायच्या. ते खाटेवर बसले. मी तोंडाशी बसलो. त्यांनी एका जुन्या शिकारीची गोष्ट काढली. त्यात वाघ होता, हत्ती होता, आणि मियाँसाहेबांचे एक मामू होते ज्यांनी वाघ समजून हत्तीवर गोळी झाडली. मी अशा गोष्टीत हातावर हात ठेवून बसू शकत नाही. माझे हात चालूच असतात. वाघ आला, मी एक लाकूड सरकवलं. मामू झाडावर चढले, मी आणखी एक सरकवलं. गोष्ट रंगली तशी ढलपी गेली, मोडकं स्टूल गेलं, मालतीनं वेगळ्या काढलेल्या वाळक्या फांद्या गेल्या. मामू घाबरून झाडावरून पडले तेव्हा भट्टीच्या आतून फट्ट असा आवाज आला.

मियाँसाहेब थांबले. "को खां, ये गोली किसने चलाई?"

मी पत्रा सरकवून आत पाहिलं. उंदीर फुटला होता. आणि त्याच्यापलीकडे, निखाऱ्यासारखा लाल, शांतपणे पुढं झुकून, गणपती माझं ऐकत होता.

भट्टी निवेपर्यंत मी तिच्याभोवती फेऱ्या मारल्या. सकाळी काढला. एक चीर नाही. बोटानं टिचकी मारली तर घंटेसारखा वाजला. आयुष्यात माझी भट्टी पहिल्यांदा पुरेशी तापली होती.

मालतीनं बघितलं. आधी हात जोडले, मग म्हणाली, "अहो, पण हा विरघळायचा कसा?"

"त्याला अजून दहा दिवस आहेत," मी म्हटलं.

पाठीचं भोक राळ आणि मेणानं बुजवलं, वरून रंग दिला. मालतीनं कणकेचा उंदीर करून दिला. भाऊसाहेबांनी गणपती पाटावर घेतला, डोळे मिटले, उघडले आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. "चितार ओळीत असा पाहिला नाही," म्हणाले. भट्टी राहिली. दहा दिवस मी आरतीत सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होतो, आणि पोटात गोळा होता तो मध्यावर येत नव्हता. कणकेच्या उंदराला दरम्यान खऱ्या उंदरांनी कुरतडलं.

अनंत चतुर्दशीला मोठ्या तळ्यावर गेलो. भाऊसाहेब छातीभर पाण्यात उतरले, मूर्ती तीनदा बुडवायची म्हणून खाली दाबली आणि सोडली. काठावर आम्ही गजर केला, "पुढच्या वर्षी लवकर या!"

गणपती लगेच आले.

मटका कधी बुडलाय? आत हवा, भोक बंद. ते टुणकन वर आले, जरा डुलले, वळले आणि भाऊसाहेबांकडे तोंड करून तरंगत राहिले. भाऊसाहेबांनी ढकललं, वाऱ्यानं परत आणलं. पुन्हा ढकललं, पुन्हा परत. गजर एकेक करून थांबला. एक मासेमार नाव थांबवून बघत होता, तो अगदी आदरानं म्हणाला, "बाबूजी, आपके गणेशजी तो जाने का नाम नहीं ले रिये."

मी कपड्यांसकट पाण्यात गेलो, मूर्तीच्या मागं हात घातला आणि अंगठ्यानं मेण आत ढकललं. बुडबुड बुडबुड करत देव खाली गेले. सबंध काठ तो आवाज ऐकत उभा होता.

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कुंपणावरून ओरडताना ते मोठे दिसत. त्या दिवशी ओल्या धोतरात एकदम लहान दिसले.

"भाजलास?"

"हो."

"निरोप दिला की मातीनं मातीत जायचं असतं, वसंता. तू त्याची वाटच बंद केलीस." मग पायऱ्या चढताना, वळून न पाहता, म्हणाले, "तो विरघळेस्तोवर भट्टी पेटवायची नाही."

पहार आणली असती तर बरं झालं असतं. पाडलेली भट्टी पुन्हा बांधता येते. ही उभी होती आणि थंड होती. मी चाक चालवत राहिलो. कच्ची भांडी खाटेखाली, कपाटावर, देवघरात साचली. ती किशनलालच्या आव्यात भाजून आणू म्हणून टांग्यात घातली, तर धक्के खात करोंद येईपर्यंत त्यांची पुन्हा माती झाली होती. किशनलालनं टांग्यात डोकावून म्हटलं, "बाबूजी, मिट्टी तो हमारे यहाँ भी है." फिरायला म्हणून मी तळ्यावर जायचो आणि पाण्यात बघायचो. कशासाठी ते मलाच ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्यात तळं मागं हटलं. एका संध्याकाळी भाऊसाहेब कुंपणाशी आले आणि एवढंच म्हणाले, "चल." त्याच महिन्यात त्यांचा बदलीचा अर्ज नामंजूर होऊन नागपूरला परत जायचं कायमचं फिसकटलं होतं. कुणी त्यांच्याजवळ विषय काढत नसे.

घाटापलीकडे, कडुनिंबाखाली, मासेमारांनी एक ओटा केला होता. त्यावर माझा गणपती. जाळ्यात आला होता म्हणे. रंग सगळा गेलेला, नुसती भाजलेली लाल माती, पोटावर चाकाच्या रेघा स्पष्ट. पुढं नारळ, झेंडूची फुलं, सोंडेला शेंदूर. त्या दिवशीच्या नाववाल्यानं आम्हाला ओळखलं. "वही हैं. जो जा नहीं रिये थे." आणि हसून म्हणाला, "अब हमारे यहाँ रह रिये हैं."

भाऊसाहेबांनी चपला काढल्या. खिशातून रुमाल काढून मूर्तीच्या कानामागची शेवाळ पुसली. मग हळूच, माझ्याशी की त्याच्याशी कळलं नाही, म्हणाले, "तूही इथंच का बापा?"

परत आलो. फाटकाशी थांबले. "उद्या पेटव भट्टी. वारा बघून पेटव."

पुढं मी नोकरी सोडली, मागचं अंगण स्टुडिओ झालं, भट्टी तीनदा मोडून मोठी बांधली, आणि सुरया, कपबशा, कुंड्या यांच्यावर घर चाललं. वहिनींच्या बरणीचं ऋण मात्र फिटलं नाही. दोनदा करून नेली. दोन्ही वेळा त्यांनी हळदकुंकू लावून कपाटावर ठेवली आणि लोणचं बाजारच्या बरणीत घातलं. गणपती पुन्हा कधी केला नाही. तसा भाऊसाहेबांचा दंडक होता. भोपाळच्या मातीला तो लाल रंग मला परत आणता आला नाही. मियाँसाहेब गेले, त्यानंतर इतकी लाकडं सरकवायला लावणारी गोष्टही कुणी सांगितली नाही.

माझ्या भांड्यांचं शहरात पहिलं मोठं प्रदर्शन लागलं तेव्हा भाऊसाहेब खूप थकले होते. पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. पाहुण्यांनी माझ्या कलेत काय काय पाहिलं ते मलाही नवीन होतं. शेवटी कुणीतरी म्हणालं, सगळ्यांत जुने शेजारी आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. भाऊसाहेबांनी उठायचा कंटाळा केला. बसूनच, हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाले,

"याच्या बरण्या झिरपल्या, चिलमा तडकल्या, कपाचे कान माझ्या हातात आले. जन्मात एकच गोष्ट यानं टिकाऊ केली, आणि नेमकी तीच टिकायची नव्हती."